सतराव्या घराचा फोन

काकूंच्या वहीत बावीस घरं होती आणि बावीसच्या बावीस त्यांना तोंडपाठ. कुठल्या घरात सासू बहिरी, कुठल्या घरात फोन पोरंच उचलतात, कुणाला नमस्कार-चमत्कार न करता आधी मुद्द्याचं सांगायचं, सगळं. नंबरांचं तर विचारूच नका. "माझं डोकं हीच माझी वही," असं त्या उठताबसता म्हणायच्या, आणि समोरच्या टेबलावर बसणारी शिंपीण दरवेळी म्हणायची, "मग ही कागदाची कशाला पाळलीय? चारा घालायला?"

दोघींनाही या कामाचा पगार नव्हता. वसाहतीतल्या घराघरातले पुरुष आघाडीवर, आणि वाचनालयामागच्या खोलीत या दोघी, एक फोन आणि एक चहाची किटली. आघाडीवर काही बरंवाईट झालं की तिकडून घरी येणारे फोन एकदम बंद व्हायचे. मग वसाहतीला कळायचं की कुणाचा तरी माणूस गेला. कुणाचा, ते कळायचं नाही. अधिकारी आधी त्या घरी जायचे, स्वतः, दारावर. ते पोचले की काकूंना निरोप यायचा, आणि काकू उरलेल्या घरांना एकेक करून फोन लावायच्या, "तुमचा माणूस सुखरूप आहे." वाईट बातमी दारावर, चांगली फोनवर. काकूंना मात्र त्या दिवशी कुणी उलट फोन करायचा नाही, हा नियम खुद्द काकूंचाच. कुणी विचारलं आणि यांना उत्तर देता आलं नाही, तर ते गप्प बसणंच सगळं सांगून जाणार ना!

वीस वर्षांपूर्वी काकूंना आपला नवरा गेल्याचं भाजीवालीकडून कळलं होतं, कांदे निवडताना. बिचारीला वाटलं, यांना माहीत असेल. असं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्या एका हट्टावर काकू इतकी वर्षं उभ्या होत्या.

त्या दिवशी अकरा वाजता निरोप आला. मास्तरीणबाईंचा नवरा गेला होता. काकूंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि फोन उचलला. एकवीस घरं. कुणी रडलं, कुणी "बरं" म्हणून ठेवून दिला, एकीला तर हसूच आवरेना, मग तिची तिलाच लाज वाटली. साडेबाराला काकूंनी वही मिटली.

पावणेदोनला शिंपीण चहा गाळता गाळता म्हणाली, "बेकरीवाली काय म्हणाली हो? तिचा आणि मास्तरीणबाईंचा, दोघं एकाच तुकडीत ना?"

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. प्रत्येक घराचं बोलणं आठवत होतं. सतराव्या, बेकरीवालीच्या घराचं एक अक्षर आठवेना. त्यांनी वही उघडली. सतरापुढे खूण होती. मग हळूहळू आठवलं. नंबर लावला होता, तो बंद झालेला निघाला. हो, नवा दिलाय की तिनं, आठवतो आत्ता, म्हणून खूण करून ठेवली. मग अठराव्या घरची सासू वीस मिनिटं फोनवर रडली, आणि सतरा राहून गेलं.

नवा नंबर तिनं चार दिवसांपूर्वी बेकरीत सांगितला होता, पाव बांधता बांधता. "लिहून घ्या, काकू." आणि काकू म्हणाल्या होत्या, "अगं, माझं डोकं हीच माझी वही."

"देवा रे," काकू म्हणाल्या. "मेल्या डोक्याला आग लागो."

"नंबर?" शिंपिणीनं विचारलं.

"नाही आठवत."

"शेजाऱ्यांना लावा."

"तेही दारावरच जाणार ना गं! आज तिच्या दारावर कुणी थाप मारली तर जागच्या जागी मरेल ती. आणि शेजार कुणाचा आहे ठाऊक आहे ना? समोरचं दार मास्तरीणबाईंचं."

शिंपिणीनं किटली खाली ठेवली. "मग बसताय काय? तुम्हीच जा. मी इथे फोनपाशी थांबते."

काकूंचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. तरी त्या निघाल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चालता चालता त्यांच्या मनात एकच हिशेब चालला होता. बेकरीवालीनं खिडकीतून गाडी पाहिली असणार. दोघा अधिकाऱ्यांच्या बुटांचे आवाज ऐकले असणार, ते समोर गेल्याचंही तिला कळलं असणार. आणि आपला फोन नाही. म्हणजे दोघंही गेले. आधी समोर सांगताहेत, तिथलं आटोपलं की इकडे येतील. असंच समजून ती बसली असणार. पावणेतीन तास.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत काकूंना धाप लागली. मास्तरीणबाईंचं दार अर्धवट उघडं होतं. आत कुणीतरी अगदी हळू बोलत होतं. रडण्याचा आवाज नव्हता, आणि तेच काकूंना सोसवेना. बेकरीवालीचं दार घट्ट बंद. आत नळ धो धो सोडलेला.

काकूंनी थाप मारायला हात उचलला आणि खाली घेतला. ओरडून सांगावं, तर पाच पावलांवर ते उघडं दार. ज्या घरात माणूस गेला, त्याच्या उंबऱ्यापाशी उभं राहून "तुझा जिवंत आहे गं" म्हणून कसं ओरडायचं? काकू बेकरीवालीच्या दाराला तोंड लावून कुजबुजल्या, "अगं, मी काकू. दार उघड." नळापुढे ते कुठलं ऐकू जातंय!

तेवढ्यात दाराखालच्या फटीत एक सावली हलली. बेकरीवालीची मुलगी, चार वर्षांची.

"आईनं सांगितलंय, दार उघडायचं नाही. कुणीच आलं तरी नाही."

काकूंना हायसं वाटलं. त्या कशाबशा खाली वाकल्या. "शहाणी माझी बाय ती! आईच्या कानात जाऊन सांग हं. कानात. बाबा बरे आहेत म्हणावं."

पोर ते. कानातबिनात त्याला काय कळणार! ते धावत सुटलं आणि सगळ्या जिन्यात घुमेल अशा आवाजात आनंदानं ओरडलं, "आई! आई! काकू आलीय! बाबा बरे आहेत! बाबा बरे आहेत!"

समोरचं हळू बोलणं थांबलं.

नळ बंद झाला. दार उघडलं. बेकरीवालीच्या साडीचा पदर ओला, हात ओले, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. तिनं काकूंचे दोन्ही दंड धरले आणि गदागदा हलवलं. "खरं? खरं सांगा!"

"खरं. सकाळपासूनच खरं आहे," काकू म्हणाल्या. "मी तुझा नंबर लिहून घेतला नाही गं. माझी चूक. माझीच."

"तीन तास तो मेला होता, काकू," ती म्हणाली. "तीन तास. मी पोरीला कसं सांगायचं ते ठरवत होते." एवढं बोलून ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली, आणि मग तिला इतकं मोठ्यानं रडू आलं, की तिनं स्वतःच हातानं तोंड दाबून धरलं.

काकूंनी मागे वळून पाहिलं. मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. मागे एक अधिकारी, टोपी हातात. काकूंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"बाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "माफ करा. ती लहान आहे, तिला कळलं नाही..."

मास्तरीणबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या खाली बसलेल्या बेकरीवालीकडे बघत होत्या.

"हिला आत्ता सांगताय?" त्यांनी विचारलं. आवाज वर्गात असायचा तसाच, कोरडा. "अकरापासून ही आत अशी बसली होती?"

काकूंनी 'हो' म्हणून मान खाली घातली. वीस वर्षांत कुणापुढे खाली गेली नव्हती ती मान.

"काय हो हे, काकू," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला तरी वेळेवर सांगितलं."

बेकरीवाली उठली. पोरीला तिनं काकूंच्या कडेवर दिलं, ओल्या हातांनीच ती समोर गेली आणि मास्तरीणबाईंना तिनं धरलं. तेव्हा कुठे मास्तरीणबाई रडल्या.