घंटेची दोरी

मी बस चालवते. हौस म्हणून नाही, नोकरी आहे माझी. लग्नाआधीपासून शहराच्या बसवर ड्रायव्हर आहे, आणि वर्षभर माझ्या डोक्यावर एक घंटा वाजत असते. एक टोला पडला की थांबायचं, दोन पडले की निघायचं. कुणाला उतरायचंय, कुणाला चढायचंय, कुणाची पिशवी दारात अडकलीय, सगळ्यांसाठी मी थांबते. माझ्यासाठी बस आजवर कधी थांबलेली नाही.

पूल ओलांडला की एक वळण लागतं. तिथे दाराच्या बाजूचे प्रवासी खिडकीला नाक लावतात. "अगंबाई, बघ बघ!" रोज कुणीतरी म्हणतंच. काय बघ? मला काय ठाऊक! वळण असं अवघड की मान जरा वळवली तर बस कठड्यावर जाईल. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघ की, असं म्हणाल. सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याला जायला मला काय वेड लागलंय?

तर आमच्या ह्यांनी लिलावातून एक जुनी बस घेतली. हे सुतार आहेत. हातात कसब आहे, मी नाही म्हणत नाही. मला म्हणाले, "हिचं फिरतं घर करू. सगळे मिळून लांब जाऊ. तुलाही तेवढीच सुट्टी." खरं सांगते, मी विरघळले. पाय पसरून खिडकीशी पडायचं आणि रस्ता सोडून बाकी सगळं बघायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

मग अंगणात ठोकाठोक सुरू झाली. बाकडी निघाली, फळ्या आल्या, सिंक बसलं, शेगडी बसली. ह्यांनी टेप घेऊन सासूबाईंना मोजलं. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांचा पलंग ठेंगणा. लेकीला मोजलं, ती अजून उंच होणार म्हणून वीतभर जास्त धरलं. स्वतःला तर भिंतीला टेकून दोनदा मोजून घेतलं. मी ड्यूटीवरून यायची, चहा घ्यायची आणि वाट बघायची की आता मला मोजतील. टेप काही माझ्याकडे येईना. मनात म्हटलं, आम्हा दोघांचा पलंग एकच असेल, त्यात माझं काय मोजायचं!

बस तयार झाली तेव्हा तिघांनी मला डोळे मिटायला लावून आत नेलं. डोळे उघडते तो समोर ड्रायव्हरची सीट. नवं रेक्झिन, कमरेला उशी, पाण्याच्या बाटलीला छोटासा कोनाडा.

"ही तुझी जागा," हे म्हणाले. छाती अशी फुगलेली!

मी मागे पाहिलं. पलंग तीन, तिन्ही एकट्याचे. "आणि मी झोपायचं कुठे?"

"ते जेवायचं टेबल आहे ना, त्याचे पाय दुमडायचे, वर गादी टाकायची. सगळ्यांची जेवणं झाली की तुझंच."

"आणि ही दोरी कसली?" पलंगांपासून छताला लागून थेट माझ्या सीटपर्यंत दोरी आली होती, आणि टोकाला घंटा.

"जुनीच ठेवलीय," लेक म्हणाली. "कुणाला थांबायचं असलं की ओढायची. तुला सवय आहे ना, आई!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मी तुमचं काय घोडं मारलंय? वर्षभर परक्यांच्या घंटेवर थांबते, आता सुट्टीत घरच्यांच्या घंटेवर थांबू? तिथे निदान पगार तरी मिळतो!"

"अगं, पण मोठ्या गाडीचं लायसन तुझ्याकडेच आहे. दुसरं कोण चालवणार?"

"हे बस घेताना नाही सुचलं?"

"सुचलं की! म्हणून तर घेतली."

ऐकलंत? म्हणून तर घेतली! माणसाने बायकोला गृहीत धरावं, पण किती?

निघायच्या दिवशी सगळे सामान भरून आपापल्या जागी बसले. मी शेवटी चढले, ड्रायव्हरच्या सीटकडे ढुंकूनही न बघता मागे गेले, ह्यांना उठवलं आणि त्यांच्या पलंगावर आडवी झाले. वर हात करून दोरी दोनदा ओढली.

"चला, सुटू द्या गाडी," म्हटलं.

सुटते कसली! हे आधी हसले, मग चिडले, मग गोडीगुलाबीने बोलू लागले. लेक रुसून बसली. मी खिडकीतून वाळत घातलेले आमचेच टॉवेल बघत पडून राहिले. राग इतका होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून काचेकडे तोंड केलं.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज चढला. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. पण त्या उसळल्या ते मुलावर. "एवढी लाकडं कापलीस, एक लायसन काढता आलं नाही तुला? आणि सगळ्यांना मोजत फिरलास, तिला मोजलंस का रे एकदा तरी?"

सहल तिथेच बारगळली. काही दिवसांनी हे जाऊन मोठ्या गाडीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आले. पहिल्या परीक्षेत नापास झाले. मला हसू आलं, मी ते मुळीच लपवलं नाही. दुसऱ्या खेपेला पास झाले. मधल्या काळात बसमधलं ते टेबल गेलं, आणि एका संध्याकाळी हातात चहाचा कप असतानाच माझ्या टाचेला टेप लागली.

"सरळ उभी राहा," हे म्हणाले. मी राहिले.

पुढच्या सुट्टीत निघालो. हे स्टिअरिंगवर, घामाघूम, मान ताठ. मी दाराच्या बाजूला, माझ्या खिडकीशी, माझ्या पलंगावर. आराम म्हणाल तर कसला आराम! दर वळणाला माझा उजवा पाय पलंगाच्या फळीवर ब्रेक दाबत होता. पूल आला. वळणावर ह्यांनी गिअर असा कर्रकन टाकला की शिवी अगदी ओठांवर आली. ती गिळली, रस्ता रुंद होईपर्यंत दम धरला आणि दोरी ओढली. एकदाच.

बस कडेला थांबली. "काय झालं?" हे मान न वळवता ओरडले. "काही चुकलं का माझं? कुणाला उतरायचंय?"

"कुणालाही नाही."

खाली तळं होतं. तळ्यात एक अर्धी बुडालेली होडी, आणि तिच्या काठावर ओळीने बसलेले बगळे. लेक माझ्या पलंगावर चढली आणि काचेला नाक लावून म्हणाली, "अगंबाई! आई, बघ बघ!"

"बघतेय," मी म्हटलं.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. "अगं, निघू का आता?" ह्यांनी विचारलं.

"घंटा झाली का?" मी म्हटलं. "नाही ना? मग थांबा."