तीन रेघा

मोटारींच्या कारखान्यात त्यांना सगळे हातवाले म्हणत. जुळणीच्या पट्ट्याच्या शेवटी, गाडी बाहेर पडण्याआधी, पांढरा सुती हातमोजा घालून ते तिच्या अंगावरून तळहात फिरवत, आणि डोळ्याला न दिसणारा पोचा त्यांना बरोबर सापडे. गाडी पसंत पडली की पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या खडूने एक बारीक रेघ ओढत. हे कुठल्याही नियमात नव्हतं. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, जिची जबाबदारी घेतली तिच्यावर आपली खूण हवी. म्हातारा कधीच गेला, रेघ राहिली. एकतीस वर्षांत ती इतकी अंगवळणी पडली, की घरी फ्रीजचं दार लावतानाही त्यांचा हात खिशातल्या खडूकडे जाई आणि बायको हसे.

हल्ली हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाड्या खपत नव्हत्या. आवारात नव्याकोऱ्या गाड्या धूळ खात उभ्या होत्या आणि पट्टा आठवड्यातून तीनच दिवस चाले. सगळी भिस्त सरकारवर होती. सरकारची समिती येऊन बघणार आणि मग ठरवणार, कारखान्याला हात द्यायचा की त्याला टाळं लागू द्यायचं. हातवाल्यांना स्वतःची फिकीर नव्हती, निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. पण त्यांची मुलगी त्याच पट्ट्यावर काचा बसवायची. तिच्या नवऱ्याला आधीच घरी बसवलेलं, पदरात दोन लहान मुलं. कारखाना गेला असता तर ते घर उघड्यावर पडलं असतं.

हातवाल्यांच्या धाकट्या भावाला हे दिसत होतं, पण त्याच्या मनात वेगळाच सल होता. त्याचं सुतारकामाचं दुकान तीन वर्षांपूर्वी बसलं होतं, आणि आता तो दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारत होता.

"माझं बंद पडलं तेव्हा कुठली समिती आली होती, दादा?"

"तुझ्याकडे माणसं चार. इथे चार हजार आहेत."

"म्हणजे बुडायचं तर मोठं होऊन बुडावं. आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

भाऊ काही खोटं बोलत नव्हता, आणि मुलीच्या घरची चूलही पेटायला हवी होती. या दोन गोष्टींचा मेळ मोठमोठ्या शहाण्यांना घालता आलेला नाही. हे तर साधे तपासनीस.

समिती यायच्या आदल्या दिवशी नवीच पंचाईत झाली. सुटे भाग पुरवणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता, म्हणजे पट्टा रिकामा दिसणार. व्यवस्थापकांनी शक्कल काढली. आवारातल्या तयार गाड्या मागच्या दाराने आत घ्यायच्या, पट्ट्यावर सोडायच्या, पुढून बाहेर काढायच्या आणि वळसा घालून पुन्हा आत. दोन तासांचा तर प्रश्न होता.

सकाळी कपडे बदलायच्या खोलीबाहेर मुलीने त्यांना गाठलं. "बाबा, आज नुसता हात फिरवा. रेघ नको."

"एवढं कळतं मला."

त्यांना कळत होतं, हाताला कळत नव्हतं.

समितीत तिघं होती. दोघं भिंतीवरच्या तक्त्यांपाशी रमली. तिसऱ्या बाई, केस पिकलेल्या आणि कमी बोलणाऱ्या, हातवाल्यांजवळ येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी तो फिरणारा हात पाहिला. मग एका लाल गाडीचं झाकण उघडून त्या वाकल्या. आत निळ्या रेघा होत्या. एकाखाली एक, तीन.

खडू हातवाल्यांच्या बोटांतच होता.

"तीन कशाला?" बाईंनी विचारलं.

व्यवस्थापक धावतच आले. "आमच्याकडे प्रत्येक गाडी तीनदा तपासतात, मॅडम."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही सांगा. ही गाडी तुम्ही तीनदा तपासलीत?"

तपासली होती की! गाडी बनली तेव्हा आणि आजच्या दोन्ही फेऱ्यांत त्यांनी जीव ओतून हात फिरवला होता, कारण दुसऱ्या तऱ्हेने फिरवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पलीकडे मुलगी काच पुसता पुसता थांबली होती. तिने हळूच होकारार्थी मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "तीनदा."

महिन्याभरात मदत मंजूर झाली. मुलीने पेढे आणले, मुलांना नवे बूट घेतले, आणि बऱ्याच दिवसांनी ती पोटभर हसली. ते हसू पाहून हातवाल्यांना वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं. मग समितीचा अहवाल कारखान्याच्या हाती आला. त्यात तिहेरी तपासणीची खास तारीफ होती आणि ती चालू ठेवावी अशी अटही. तेव्हापासून तीन रेघा नसलेली गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही असा हुकूम निघाला. पट्टा मात्र पूर्वीपेक्षा जोरात धावू लागला.

"तीनदा तपासायला वेळ कुठे आहे?" व्यवस्थापक म्हणाले. "हात एकदा फिरवा, रेघा तीन ओढा."

अकरा दिवस त्यांनी तसं केलं. अकरा दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. घरी खिशाकडे जाणारा हातही थांबला, आणि बायकोच्या ते लक्षात आलं.

बाराव्या दिवशी सकाळी भाऊ चहाला आला. या वेळी त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता.

"पोरीचं निभावलं, बरं झालं. पण दादा, गाड्या नीट बघून सोड हं. सरकारने दिलं ते माझ्यासारख्यांच्याच घामाचं. आता मीही त्यात आहे."

तो गमतीत बोलला होता. हातवाल्यांनी कप खाली ठेवला तो अर्धा तसाच राहिला.

त्या दिवशी पहिली गाडी फाटकावर अडली. मग दुसरी, मग सातवी. पट्टा थांबवावा लागला. व्यवस्थापक घामाघूम होऊन आले.

"काका, एकच रेघ आहे सगळ्यांवर. विसरलात का?"

"नाही. एकदाच तपासल्यात."

"अहो, अट आहे ती. मदत मागे घेतील."

"त्या दिवशी मॅडमना मी अर्धंच सांगितलं. गाडी तीनदा तपासली होती, पण त्याच गाड्या पुन्हा पुन्हा फिरत होत्या. ते सांगायला पाहिजे होतं."

मुलगी काच हातात धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हातवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण या वेळी तिने मान हलवली नाही. ती रडत होती.

त्यांनी हातमोजा काढला, खिशातून खडू काढून व्यवस्थापकांपुढे धरला.

"उरलेल्या दोन तुम्ही ओढा, साहेब."

व्यवस्थापकांनी हात पुढे केला नाही.