बारा मशिनींचं टेन्शन

दिवाळीनंतर शेठने शालिग्रामच्या आठ मशिनींच्या बारा केल्या, आणि त्याच महिन्यापासून शालिग्रामचं अंग कुरकुरायला लागलं. आधी मान धरली. मग पोटात जळजळ सुरू झाली. मग सकाळी उठावं तर जबडा दुखायचा. झोपेतसुद्धा माणूस दात आवळून पडलेला. यंत्रमागाच्या खात्यात बारा तास नुसती धावपळ. इकडे धागा तुटला म्हणून लूम थांबली, तो जोडेपर्यंत तिकडची थांबते, आणि कारीगर क्षणभर टेकलेला दिसला की मुकादमाची बोंब.

एका मंगळवारी मशिनींच्या मधल्या बोळातच त्याची छाती धडधडायला लागली. हात गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मुकादम गजेंद्र शिरपूरकडचा, म्हणजे गावाकडचा, आपलाच माणूस. त्याने रिक्षात घालून पांडेसऱ्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली. पट्टी काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, नाकाने श्वास घ्या आणि तोंडाने हळूहळू सोडा. सोडायला जास्त वेळ लावा." तसं केल्यावर धडधड खरंच उतरली. डॉक्टरने पट्टी पाहिली आणि म्हणाला, "हार्ट बराबर है. टेन्शन बहुत है. टेन्शन कम करो." पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

घरी बायको, अनुसया, वाटच बघत होती.

"काय म्हणना डॉक्टर?"

"टेन्शन जास्त शे म्हणे. कमी कराले सांगं."

शालिग्रामला डॉक्टरचं कौतुकच वाटलं. एवढा शिकलेला माणूस, पण लूमची नस बरोबर ओळखली! सव्वीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला टेन्शन एकच माहीत: बीममागे लटकवलेल्या वजनाने ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ताणले जातात, ते टेन्शन. ते जास्त झालं की धागे तटातट तुटतात, आणि कारीगराची धावपळ होते. धावपळीने छाती धडधडणारच. यात चुकलं कुठे?

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या त्याने बाराही मशिनींचं एकेक वजन उतरवून ठेवलं. आणि काय सांगावं, धागे तुटायचेच थांबले! कितीतरी महिन्यांनी तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून सबंध पेलाभर चहा प्यायला. दुपारी गजेंद्र कापड बघायला आला तर बाराही थानांचं कापड ढिलं, झोळ पडलेलं.

"आप्पा, हाई काय करं तुम्ही?"

"डॉक्टरनं सांगितलं. टेन्शन कमी करा."

गजेंद्र आधी बघतच राहिला, मग पोट धरून हसायला लागला. शेजारच्या वाल्मिकला सांगितलं, वाल्मिकने पुढच्याला, आणि एवढ्या खडखडाटातही हसू ऐकू यायला लागलं. "आप्पा, मशीनचं नाही, तुमचं टेन्शन! डोक्यातलं! ते घ्यायचंच नाही. सकाळी लवकर उठायचं, जरा चालायला जायचं."

शालिग्रामचे कान तापले. चालायला जायचं! बारा तास हे पाय काय पूजेला बसलेले असतात? लाज वाटली तशी चीडही आली, आणि चीड लाजेपेक्षा मोठी निघाली. आपण एवढे काही चुकलो नाही, असं त्याला वाटायला लागलं.

"गजेंद्र," तो म्हणाला, "धागा तुटला तर तू धाग्याला काय सांगतोस? टेन्शन घेऊ नको म्हणतोस?"

"असं कसं? वजन बघतो."

"मग माणसाचं वजन कोण बघणार?"

शालिग्रामने आठ मशिनींची वजनं होती तशी लावली, कापड कडक करून दाखवलं. उरलेल्या चार मशिनींची बटणं त्याने एकामागून एक बंद केली.

"या आठ माझ्या. या चार कोणाच्या, ते तुम्ही ठरवा."

"शेठ काढून टाकेल आप्पा."

"टाकू दे."

म्हणायला तो म्हणाला खरा. घरभाडं, धाकट्या लेकीची, पल्लवीची, बारावी, सगळं त्या एका शब्दावर लटकलं होतं.

शेठ तासाभरात आला. "चार मशीन बंद क्यों है?"

शालिग्रामची छाती पुन्हा उडायला लागली. त्याने उत्तर द्यायची घाई केली नाही. नाकाने श्वास घेतला, तोंडाने सोडला, सावकाश, शेठला तसंच ताटकळत ठेवून. सव्वीस वर्षांत शेठला थांबवण्याची ही पहिलीच वेळ.

"आठ चलाऊंगा, शेठ. अच्छा चलाऊंगा. बारह नहीं."

"कल से मत आना."

"ठीक है. आज की आठ पूरी करके जाता हूँ."

शेठने तणतणत जाऊन चारही मशिनी स्वतः चालू केल्या. दोन मिनिटं चालल्या. मग एकीचा धागा तुटला, लगेच दुसरीचा. "वाल्मिक!" शेठ ओरडला. वाल्मिकने मान वर केली नाही. "मेरे पास बारह है, शेठ." पलीकडच्यानेही तेच सांगितलं. त्याच्या पलीकडच्यानेही. खोटं कोणीच बोलत नव्हतं. लग्नसराईचे दिवस, अर्धे कारीगर गावाला गेलेले. बाहेरून माणूस आणावा तर मिळणार नव्हता. गजेंद्र चालू मशिनींचं कापड तपासायला लागला. शेठने तुटलेल्या धाग्याचं टोक चिमटीत धरलं, गाठ मारून बघितली, पण ती काही बसेना.

शेवटी चारही मशिनी त्यानेच बंद केल्या.

"आठ चलाव," तो शालिग्रामकडे न बघता म्हणाला. "लेकिन कपड़ा बराबर चाहिए."

"बराबरच मिलेगा," शालिग्राम म्हणाला, आणि शेठच्या देखत डब्यावर बसून घोटभर पाणी प्यायला.

सुटी झाल्यावर वाल्मिक मागून धावत आला. इकडेतिकडे बघून, खांद्याला खांदा लावून त्याने हळूच विचारलं, "आप्पा, तुम्हना तो डॉक्टर कोठे बसस? माले बी तेच औषध जोयजे."