टिंबवाली फाइल

दुपारी तीन वाजता रुग्णवाहिकांचे चालक नवा नकाशा बघायला येणार होते आणि दीड वाजता मावशीचा बिल्ड पुन्हा फेल झाला. ऑफिसात सगळ्यात अनुभवी प्रोग्रामर, म्हणून तिला सगळे मावशी म्हणत. सगळ्यांच्या फाइली जोडून चालतं सॉफ्टवेअर तयार करणारा बिल्ड मात्र वकील सांभाळायचा. ऊठसूट वाद घालतो म्हणून त्याला हे नाव पडलेलं.

आठवडाभर हेच चाललं होतं. बिल्ड फेल झाला की मावशी काम सेव्ह करून, कोड लिहायचा एडिटर बंद करून वकिलाला बोलवायची. तो आला की बिल्ड निमूट पार पडायचा.

“मावशी, मला घाबरतो तो,” वकील कॉलर ताठ करायचा.

आज तिनं काहीच बंद केलं नाही. खुर्चीतूनच हाक मारली, “अरे वकिला, हातातलं टाकून ये!”

त्यानं बिल्ड चालवला. लाल अक्षरं. पुन्हा चालवला. पुन्हा लाल! मावशीनं टाळीच वाजवली. “चोर सापडला! एडिटर उघडा असतानाच फेल होतो. लपलेल्या फाइली दाखव बरं!”

तिच्या फाइलीशेजारी नाव टिंबानं सुरू होणारी, म्हणून एरवी न दिसणारी एक फाइल निघाली. मावशीनं आपली फाइल उघडली की एडिटर ही बनवायचा, बंद केली की पुसून टाकायचा. बिल्ड तिलाही मावशीचा कोड समजून गिळायला जायचा आणि ठसका लागायचा.

“टिंबवाल्या सगळ्याच वगळतो. एका ओळीचं काम!” वकिलानं ओळ लिहिलीसुद्धा. बिल्ड हिरवा झाला, पण नकाशा कोरा करकरीत. रस्त्यांची सेटिंगही टिंबवाल्याच फाइलीत होती.

“सुक्याबरोबर ओलंही जाळलंस की रे!”

“मग काय, एकेकीची चौकशी करू?”

“लपलेल्या वगळ, पण जिचं नाव आपण लिहून देऊ ती घे. आणि काय घेतलं, काय वगळलं, ते बिल्डला बोलायला लाव. मुकाट गिळत होता म्हणून तर आठवडा गेला.”

“मान्य, मावशी!” वकील चक्क वाद न घालता म्हणाला. तो हसत सुटला आणि टायपायला लागला.

तीनला दहा कमी असताना पडद्यावर आलं: ‘एक लपलेली फाइल घेतली, एक वगळली.’ खाली रस्त्यांचं जाळं पसरलं. दोघं शाळकरी पोरांसारखी ओरडली.

चालक आले. त्यातल्या सगळ्यात जुन्यानं नकाशावर बोट फिरवलं आणि एका जागी टेकवलं. “अहो, दवाखान्यामागची बोळसुद्धा आहे! हिच्यामुळे माझी चार मिनिटं वाचतील.”

चालकांची ड्यूटी संपली तरी त्यातलं कुणी तासभर नकाशासमोरून हललं नाही.