पडद्यावरचा चुना

पौर्णिमा भगत किन्हीराजाजवळच्या एका उपकेंद्रात चौदा वर्षांपासून नर्स होती. त्या मंगळवारी तिने निकिताच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायची नळी टेकवली आणि काहीच ऐकू आलं नाही. जागा बदलली. तरी नाही. निकिताला आठवा महिना होता.

"काय झालं ताई? बोलून काहून नाही राह्यल्या?" निकिता म्हणाली.

पौर्णिमाने गाडी बोलावून तिला वाशीमला पाठवलं. दुपारी निकिताच्या सासूचा फोन आला. ठोके एकशे चाळीस, बाळ ठणठणीत. सगळ्यांना हायसं वाटलं. पौर्णिमा मात्र औषधांच्या खोलीत जाऊन बसली. दोष तिच्या कानात होता. आज चांगले ठोके ऐकू आले नाहीत. उद्या मंदावलेले ठोके तिला ठीक वाटले तर?

लहानपणी तिचे दोन्ही कान वाहायचे. उजवा तर वर्षानुवर्षं. पुढे वाहणं थांबलं आणि कमी ऐकू येतं हे लपवायची सवय लागली.

वाशीमच्या कानाच्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी उजव्या कानात दुर्बीण घालून संगणकावर चित्र दाखवलं. कानाच्या पडद्याला मधोमध मोठं छिद्र, भोवती पांढरे चट्टे.

"हे जुन्या जखमांचे वण. चुन्यासारखे कडक झालेत," त्या म्हणाल्या. "कानामागच्या स्नायूवरची पातळ झिल्ली काढून मी ठिगळ लावीन. पण ठिगळाला कडेने रक्त मिळावं लागतं. वण असेल तिथे ते नीट पोचत नाही. म्हणून छिद्राच्या कडेचा चुना खरवडावा लागेल. तरी एखाद्याचं ठिगळ धरत नाही."

"अन् धरलं तर ऐकू येईल?"

"ते आतल्या तीन हाडांवर आहे. चुना तिथवर गेला असेल, तर छिद्र बुजेल, ऐकणं वाढणार नाही. उघडल्याशिवाय नक्की सांगता येत नाही."

घरी उत्कर्षने, तिच्या नवऱ्याने, सगळं ऐकून घेतलं. "राहू दे," तो म्हणाला. "आहे तेवढं तरी ऐकू येते. तेबी गेलं तर?"

"मलेबी तेच भेव वाटते. पण असा कान घेऊन मी कोणाचं पोट तपासू?"

ऑपरेशन कान बधिर करून झालं, ती जागी होती. तोंडावर हिरवं कापड. दुखत नव्हतं, पण आवाज यायचा. खर्र, खर्र. भिंतीचा पोपडा खरवडावा तसा, आणि थेट डोक्याच्या आत. तिने एक पाऊल दुसऱ्या पावलावर घट्ट दाबून धरलं. मग खरवडणं थांबलं.

"डॉक्टर, काय दिसलं?"

"दोन हाडं हलतात. सगळ्यात लहान हाड चुन्यात रुतलंय. मान हलवू नका."

पुढच्याच क्षणी टेबल तिच्याखालून गरकन फिरलं. छत, भिंती, सगळंच. तिला वाटलं, गेला कान. उत्कर्षचं ऐकायला हवं होतं.

"मी हात काढलाय," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "हाडाला जरा हलवलं म्हणून गरगरलं. जास्त जोर लावला तर ऐकण्याची नस जाऊ शकते. ते तसंच ठेवते आणि ठिगळ लावते."

नंतरचे सहा आठवडे ती शिंकेला भ्यायली. नाक शिंकरायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची आणि मग तासभर कान चाचपत बसायची. कापसावर पिवळा ठिपका दिसला, की ठिगळ सुटलं असं वाटून ती कापूस उजेडात धरून पाही.

तपासणीला गेली तेव्हा डॉक्टर दुर्बिणीतून खूप वेळ पाहत राहिल्या. "पूर्ण धरलंय. चुना होता त्या बाजूनेही."

ऐकण्याच्या तपासणीत मात्र फार फरक नव्हता. कान कोरडा राहणार होता, म्हणून आता त्यात ऐकण्याचं यंत्र घालता येणार होतं. त्या लहान हाडाचं वेगळं ऑपरेशन करून पाहता येईल, पण धोका राहीलच, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

"डाव्या कानातही चट्टे आहेत. त्याचं ऑपरेशन कधी करायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

पौर्णिमाला पुन्हा ते फिरणारं छत दिसलं. "आत्ताच नाही, मॅडम," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आरोग्य अधिकाऱ्यांना सगळं खरं सांगितलं, निकिताच्या दिवसासकट. नोकरीचं काय होईल ही धास्ती होतीच. त्यांनी ठोक्यांचा आकडा दाखवणारं यंत्र मागवून घेतलं आणि ते येईपर्यंत पोट तपासायचं काम दुसऱ्या नर्सकडे दिलं.

ठोक्यांचं यंत्र आलं. पहिल्या बाईच्या पोटावर ते ठेवून पौर्णिमाने आकडा वाचला, एकशे छत्तीस. तरी तिने दुसऱ्या नर्सला हाक मारली आणि म्हटलं, "तू बी एकदा पाह्य."