दवाखान्याला पिवळं पाच

आदिलाबादच्या वाटेवर, मावल्याच्या पुढे सडकेला लागून असलेलं ते दगडी चर्च जुनं आहे आणि देखणंही आहे. पण त्या सकाळी लोटलेली गर्दी चर्च बघायला आलीच नव्हती. ती दाटली होती फाटकाबाहेरच्या, चुना फासलेल्या क्रूसाभोवती. क्रूसाला म्हणे पैसा चिकटत होता. चिकटला की कौल उजवा, पडला की नकार.

अश्विनी वांकिडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. कुठेही प्रवासाला निघाली की वाटेतलं जुनं चर्च बघायचंच, ही तिची हौस. उंच छत, रंगीत काचांतून फरशीवर पडणारं ऊन, तिला ते सगळं आवडायचं. आज मात्र हौसेला जागा नव्हती. मालनबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, छातीत गाठ निघाली होती. गाठीचा तुकडा काढून तपासायचा, उशीर करायचा नाही, असं आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि मालनबाई अडून बसल्या होत्या, कौल घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणून.

कौल देणारा महात्मा होता राजकुमार. गळ्यात क्रूस, त्यावर रुद्राक्ष, मनगटात हिरवा गंडा. एकही गिऱ्हाईक हातचं जाऊ नये, याची पुरती तजवीज.

"मरियम म्हणा, तेलुगूत तल्ली म्हणा, देवी म्हणा, मालकीन एकच हाय," तो ओरडत होता. "सोयरिकीले रुपया, दवाखान्याले पिवळं पाच. मोठ्या दुखण्याले मोठं नाणं लागते, बाप्पा."

देवानं दरपत्रक कधी लावलं, हे कोणी विचारलं नाही. लोक मुकाट्यानं चिल्लर चाचपत होते. एकानं पोरीच्या लग्नाचं विचारलं, रुपया चिकटला. दुसऱ्यानं बैलाचं विचारलं, रुपया चिकटला. मालनबाईंनी पिवळं पाच दिलं. राजकुमारनं ते क्रूसावर अंगठ्यानं दाबलं, डोळे फिरवले, हात काढला. नाणं टणकन खाली.

"देवीले सुरी नको हाय, मावशी. चाकू लागला का गाठ खवळते. हे तेल घ्या, अमावस्येपर्यंत चोळा, गाठ विरते."

मालनबाईंचा चेहरा खुलला. कित्येक दिवसांनी खुलला. अश्विनीला कळत होतं, त्या तेलापायी आई हातची जाणार होती, तीही हसत हसत.

"आई, हे खोटं हाय."

"तू गप. साळंतलं साळंत ठेव." मालनबाईंनी तेलाची बाटली ओटीत घेतली आणि नमस्कारासाठी क्रूसावर हात टेकला. तो हात तिथेच अडला. "अगं बाई, धरलं मले. देवीनं हात धरला."

गर्दीनं हात जोडले. राजकुमारनंही जोडले, पण त्याचा रंग उडाला. अश्विनी जवळ गेली. काचेच्या बांगड्या मोकळ्या होत्या. हाताला काही झालं नव्हतं. चिकटला होता तो फक्त बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनांचा झुबका. पातळ सरकेल, काज तुटेल म्हणून आपल्या बाया जन्मभर बाळगतात तो.

अश्विनीला हसूही आलं आणि संतापही. तिनं एक पीन काढून क्रूसावर फिरवली. वर नाही, खाली नाही. नेमकी त्याच जागी टचकन बसली.

"हात लावू नका, कोप होईन," राजकुमार मध्ये पडला.

तेवढ्यात चर्चचे फादर फाटकातून बाहेर आले. त्यांनी हिंदीत स्पष्ट सांगितलं, हा क्रूस चर्चचा नाही, यानंच उभा केला, आमच्याकडे कौल लावत नाहीत. मग काय, अश्विनीनं पिनेनं चुना खरवडला. आतून निघालं लाउडस्पीकरमधलं काळं, वाटोळं लोहचुंबक. वा रे देवी.

"पाहा," तिनं रुपया लावला. चिकटला. पिवळं पाच लावलं. पडलं. "रुपया पोलादाचा, हे पितळेसारख्या धातूचं. याले चुंबक धरतच नाही. म्हणून सोयरिकीले होकार, अन् दवाखान्याले नकार. दवाखान्यात गेलं तर याचं तेल कोण घेईन?"

"मी तं सेवा करून राह्यलो," राजकुमार पुटपुटला आणि मागच्या मागे सरकू लागला. बैलवाल्यानं त्याची कॉलर धरली.

मालनबाई मात्र तशाच उभ्या होत्या. खुललेला चेहरा पार विझला होता. "मंग आता मी कोणाले विचारू, अश्विनी? मले लय भेव वाटते."

"मलेबी वाटते, आई. म्हणूनच तपासू म्हंते. गाठ साधी असन तं साधी निघन. नसन तं औषध सुरू होईन. पण हे पाहिल्याशिवाय कसं कळन?"

गाठ हाताला लागली की ती डॉक्टरला दाखवायची. भीती वाटली तरी दाखवायची, भीती वाटते म्हणून तर आधी दाखवायची. यात कोणत्याही देवाचा अपमान नाही. अपमान आहे तो देवाच्या नावानं चुन्यात चुंबक पुरण्यात.

मालनबाईंनी ती काळी चकती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. बाटलीतलं तेल धुळीत ओतलं. मग पिना एकेक करून पुन्हा बांगडीत अडकवल्या.

"या लोखंडाले माह्या गाठीचं काय समजते," त्या म्हणाल्या. "चाल, दवाखाना उघडला असन. तुहं ते चर्च येताना पाहू."