पान बासष्ट-त्रेसष्ट

मित्रांनो, मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे आणि मला फार राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी अशी पद्धत आहे. ती पुढच्या वस्तूने पाळावी.

ब्यूनोस आयर्समधल्या एका मानसशास्त्राच्या कॉलेजच्या तळघरात मी सोळा वर्षं उभी आहे. आमच्या शहरात बस चालवणाऱ्यालाही मनाचा डॉक्टर असतो आणि त्या डॉक्टरला त्याचा वेगळा. एवढे डॉक्टर पुरवायचे तर हजारो मुलं शिकवावी लागतात. एवढ्या मुलांना पुस्तकं कुठून आणणार? म्हणून ती कुणीच आणत नाही. प्राध्यापक यादी लावतात, मुलं खाली येऊन नंबर सांगतात आणि मी छापते. मी नवीन होते तेव्हा माझं कौतुक फार. मी बंद पडले तर परीक्षा पुढे जायची. हिवाळ्यात मुलं माझ्या अंगावर ओले कोट वाळवायची आणि डोक्यावर ‘माते’ नावाच्या आमच्या कडू चहाच्या गरम पाण्याचा थर्मास ठेवायची.

मला चालवतो तो एव्हारिस्तो. माणूस सज्जन. पण माझ्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून एक चूक झाली. तान्ह्या मुलांच्या मनाबद्दलचं एक पुस्तक लायब्ररीतून आलं होतं, समोर रांग होती आणि त्याच्या बोटात दोन पानं एकदम उलटली. साठ-एकसष्टनंतर माझ्या काचेवर थेट चौसष्ट-पासष्ट आलं. पुस्तक त्याच दिवशी परत गेलं. त्यानंतर प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुन्हा प्रत. यादीतला नंबर दोनशे चौदा.

एकसष्टाव्या पानाच्या शेवटी होतं : ‘आई निघून गेल्यावर मूल जे रडतं, ते’. चौसष्टाव्याच्या सुरुवातीला होतं : ‘दक्षिणेच्या वाऱ्याने अधिक वाढतं.’ पुस्तकात हे वाढणं उदाहरणादाखल दिलेल्या म्हाताऱ्यांच्या सांध्यांच्या दुखण्याचं होतं; आमच्याकडे गार वारा दक्षिणेकडून येतो.

सोळा वर्षांत एकाही मुलाने हात वर केला नाही. वाक्य विचित्र होतं म्हणूनच ते खोल असणार, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टर सालाबेरी हा विषय शिकवतात. त्यांनी या वाऱ्यावर तीन लेख लिहिले. दक्षिणेचा वारा म्हणजे गैरहजर बाप, असं त्यांनी सिद्ध केलं. त्यावर एक परिषद भरली. परिषदेची पत्रकं मीच छापली.

आणि पास झालेली मुलं गेली बालगृहांत, इस्पितळांत. रडणाऱ्या बाळांच्या फाईलीत ती लिहू लागली : पाळणा खिडकीपासून दूर ठेवावा.

नोएलिया नावाची एक विद्यार्थिनी दिवसा अशाच एका बालगृहात बाळांना आंघोळ घालायची. तिथे तोबियास नावाचं दहा महिन्यांचं एक बाळ होतं. आई ठेवून गेल्यावर ते आठ दिवस रडलं, मग गप्प झालं. दूध प्यायचं आणि भिंतीकडे बघायचं. तिथल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी फाईलीत लिहिलं, ‘छान रुळला.’ नोएलियाला ते पटेना. पण आंघोळ घालणाऱ्या बाईला फाईलीत लिहायचा अधिकार नसतो. तो पदवीनंतर मिळतो. तिचा एकच पेपर राहिला होता, सालाबेरींचा. तोंडी परीक्षा, आणि दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा राहिली तर सबंध वर्ष पुन्हा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली ती पुस्तक घेऊन. खरं पुस्तक, लायब्ररीच्या धुळीसकट. तिने बासष्ट-त्रेसष्ट उघडून माझ्या काचेवर पालथं घातलं. सोळा वर्षांनी मी ते पान पाहिलं. तिथे लिहिलं होतं : रडणारं मूल अजून कुणाची तरी वाट बघत असतं. ते रडायचं थांबलं की धावा.

एव्हारिस्तोने ते दोनदा वाचलं आणि स्टुलावर बसला.

“पोरी, हे माझ्या हातून झालं,” तो म्हणाला.

“काका, तुम्ही एकदा चुकलात. बाकीच्यांनी सोळा वर्षं पाठ केलं.”

“वर जाऊन काय सांगणार आहेस?”

“जे लिहिलंय ते.”

“आज वारा म्हण,” एव्हारिस्तो म्हणाला. “पदवीचा कागद हातात येऊ दे. मग काय बोलायचं ते बोल.”

ती पान घेऊन वर गेली. पुढचं तिने नंतर इथेच, माझ्यावर कोपर टेकून सांगितलं. टेबलामागे तिघं परीक्षक होते. तिने पान पुढे ठेवलं आणि म्हणाली की वाऱ्याचा इथे काहीच संबंध नाही. तिघांत एक तरुण बाई होत्या. नऊ वर्षं त्या हाच वारा शिकवत होत्या. त्यांनी पान वाचलं आणि मग टेबलाकडे बघत राहिल्या. सालाबेरींनी पानाला हात लावला नाही.

“मुली, हा तुझा वडिलांवरचा राग बोलतोय,” ते म्हणाले. “वडील कुठे असतात तुझे?”

“बाहेर उभे आहेत. अंडी घेऊन.”

आमच्याकडे शेवटचा पेपर पास झाला की घरचे लोक रस्त्यावरच अंडी आणि पीठ फेकून मारतात. मुलगी ओंगळ झाली की ती डॉक्टर झाली.

सालाबेरी हसले नाहीत. यादीत आहे ते दोनशे चौदा, हे पान यादीत नाही, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा एकदाच विचारतो म्हणाले, मूल कशाने रडतं?

नोएलियाने पान उचलून त्याची घडी घातली आणि म्हणाली, “दक्षिणेच्या वाऱ्याने.”

तिला दहापैकी सहा मिळाले.

ती खाली आली तेव्हा केसांतून अंड्याचा बलक गळत होता, भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तिच्या चेहऱ्यावर कुणी मेल्यासारखं दिसत होतं. तिचे वडील जिन्यात उभे होते. त्यांना वाटत होतं, पोरीला आनंद सोसेनासा झालाय.

कागद हातात पडायला चार महिने लागले. आमची कचेरी त्याच वेगाने चालते. तोवर तिने रोज सुट्टी झाल्यावर तोबियासला तासभर मांडीवर घेतलं. फाईलीत लिहायची परवानगी मिळाली त्या दिवशी तिने ‘छान रुळला’ ही ओळ खोडली आणि पूर्ण पान भरलं. आंघोळीच्या वेळी तो आता ओरडतो, असं ती एव्हारिस्तोला सांगून गेली. शेजारच्या खोलीत तसलीच गप्प बाळं आणखी सहा आहेत, हेही सांगून गेली.

एव्हारिस्तो आता प्रत्येक दोनशे चौदामध्ये ते पान घालतो. हे झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या विद्यार्थी संघाने त्याला लेखी ताकीद दिली आहे : प्राध्यापकांच्या सहीशिवाय नोट्समध्ये बदल करू नये. ती ताकीदही त्याने माझ्यावरच ठेवून छापून घेतली.

आता मला भंगारात काढणार आहेत. नोट्स फोनवर येणार, म्हणे. ती फाईल कुणीतरी जुन्या दोनशे चौदावरून बनवली आहे.

तेव्हा मित्रांनो, माझी काच पुसा, मला तेल द्या, असं मी म्हणणार नाही. मी समोर येईल ते छापते. मी मशीन आहे. तुमचं काय कारण आहे?